बंदुकीचा कोणता भाग म्हणजे बंदूक?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी एका लोखंडी तुकड्याबद्दल बोलणार आहे. त्याला रिसीव्हर म्हणतात. रिसीव्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जुना काळा टेलिफोन येतो, फार तर रेडिओ येतो. पण बंदुकीलाही एक रिसीव्हर असतो. बंदुकीची नळी पुढे, दस्ता मागे, काडतुसांचं मॅगझिन खाली, चाप मध्ये. आणि या सगळ्यांना जिथे येऊन मिळायचं असतं ती मधली पोलादी पेटी म्हणजे रिसीव्हर. ब्रिटिश लष्कराच्या भाषेत त्यालाच ‘बॉडी’ म्हणतात. आपल्या लष्करातही हाच शब्द रुळला. बॉडी, म्हणजे देह.

मी शस्त्रास्त्रांचा जाणकार नाही. कविता लिहितो. पण या तुकड्याचा इतिहास वाचताना मला एक प्रश्न सापडला आणि तो मला कवितेइतकाच महत्त्वाचा वाटला. प्रश्न साधा आहे. बंदुकीचे पन्नास सुटे भाग टेबलावर मांडून ठेवले, तर त्यातला कोणता भाग म्हणजे बंदूक?

हा प्रश्न पोरकट वाटेल, पण तुमच्या दारातल्या बुलेट मोटारसायकलला तो विचारून पाहा. टायर बदलले, टाकी बदलली, सीट नवं शिवलं, दिवा फुटला म्हणून दुसरा बसवला. गाडी तीच की दुसरी? आरटीओतला कारकून या वादात पडत नाही. तो वाकतो, कापडाने चिखल पुसतो आणि चासी नंबर वाचतो. नंबर कागदाशी जुळला की गाडी तीच. म्हणजे गाडीचे शेकडो भाग असले तरी तिचं नाव राहतं एका ठिकाणी. आता बुलेटच्या जागी रायफल ठेवा. हाच प्रश्न जिवावरचा होतो.

एक काळ असा होता की हा प्रश्न पडतच नसे. अडीचशे वर्षांपूर्वी बंदूक एका कारागिराच्या हाताखाली तयार होई. तो प्रत्येक भाग कानशीने घासून दुसऱ्या भागाशी जुळवी. एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला बसत नसे. रणांगणात एक छोटा भाग मोडला तर बंदूक लोहाराकडे जाई आणि लोहार त्या एकाच बंदुकीसाठी तो भाग नव्याने घडवी. बंदूक माणसासारखी होती; एकीसारखी दुसरी नाही.

हे बदलायला सुरुवात झाली फ्रान्समध्ये. १७८५ साली थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचे वकील होते. ते ओनोरे ब्लाँ नावाच्या बंदूकसाजाच्या कारखान्यात गेले. ब्लाँने त्यांच्यापुढे बंदुकीचा बार उडवणाऱ्या यंत्रणेचे, म्हणजे ‘लॉक’चे भाग कप्प्याकप्प्यांत मांडून ठेवले. पन्नास लॉक सुटे केलेले होते. जेफरसननी हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही लॉक जोडले आणि ते अचूक बसले. त्यांनी हे जॉन जे यांना पत्राने कळवलं. एका देशाच्या वकिलाने कारखान्यात बसून तुकडे जुळवावेत आणि त्याची बातमी सरकारला द्यावी, एवढी ही गोष्ट नवलाची होती.

अमेरिकेने ती कल्पना उचलली. १७९८ साली इलाय व्हिटनी याने दहा हजार बंदुका करून देण्याचा करार सरकारशी केला. १८०१ साली त्याने अध्यक्ष जॉन अॅडम्स आणि निवडून आलेले नवे अध्यक्ष जेफरसन यांच्यासमोर प्रयोग करून दाखवला. तुकडे उचला, जोडा. टाळ्या पडल्या. पण विसाव्या शतकात संशोधकांनी व्हिटनीच्या उरलेल्या बंदुका तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकींना नीट बसत नव्हते. करार दोन वर्षांचा होता. बंदुका पुऱ्या व्हायला १८०९ साल उजाडलं. खरं काम केलं ते हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉल या माणसाने. १८२० च्या दशकात त्याने यंत्रांवर आणि मापकांवर अशा रायफली तयार केल्या, की त्यांचे भाग खरोखरच एकमेकींत बदलता येत. टाळ्या व्हिटनीला मिळाल्या, काम हॉलचं. साहित्यातही असं होतं, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

१८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या एका कंपनीने अशा रायफली मांडल्या. ब्रिटिशांनी ते पाहिलं, १८५४ साली एक समिती अमेरिकेला पाठवली आणि तिथली यंत्रं विकत घेऊन एन्फिल्डच्या कारखान्यात बसवली. एन्फिल्ड हे नाव आपल्याला परकं नाही. ज्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून १८५७ ची ठिणगी पडली, तीच रायफल पुढे या यंत्रांवर तयार होऊ लागली. आणि ज्या बुलेटचं मी मघाशी बोललो तिच्या टाकीवरचं नावही याच गावातून आलं आहे.

सुटे भाग आले आणि फायदा झाला तो उघड आहे. दुरुस्ती सोपी झाली, उत्पादन वाढलं. शिलाई मशीन, सायकल, मोटार सगळं याच वाटेने आलं. पण एक गोष्ट हरवली. बंदूक ही एक वस्तू राहिली नाही, ती तुकड्यांची जुळणी झाली. आणि जुळणी झाली म्हणजे ती कधी अस्तित्वात आली, हा प्रश्न आला. पहिला तुकडा घडला तेव्हा? की शेवटचा बसला तेव्हा?

आपल्या उपखंडात हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी विचारून झाला आहे. सागल नगरीत, म्हणजे आजच्या सियालकोटच्या परिसरात, मिलिंद नावाचा ग्रीक राजा होता. त्याची आणि नागसेन भिक्षूंची चर्चा ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. नागसेन राजाला विचारतात, आपण रथातून आलात ना? मग रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी, जू, लगाम यांपैकी कोण? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी कबूल करतो की हे सगळं एकत्र आलं म्हणजे त्याला ‘रथ’ हे नाव मिळतं. नागसेनांना ‘मी’ नावाचा वेगळा तुकडा माणसात सापडत नाही, हे सांगायचं होतं. तत्त्वज्ञानात हे उत्तर पुरतं. पोलीस ठाण्यात पुरत नाही. फौजदाराला बोट ठेवायला जागा लागते.

ही जागा म्हणजे नंबर. नंबर काय करतो हे जगाने १९६३ च्या नोव्हेंबरात पाहिलं. अध्यक्ष केनेडींच्या हत्येनंतर डॅलसच्या इमारतीत एक जुनी इटालियन कार्कानो रायफल सापडली. तिच्यावर आकडा होता : सी २७६६. या एका आकड्यावरून तपास काही तासांत शिकागोच्या एका टपालविक्रीच्या दुकानापर्यंत पोहोचला. मागणीपत्रावर ए. हिडेल असं खोटं नाव होतं, पण अक्षर ली हार्वे ऑस्वाल्डचं होतं. नाव खोटं देता आलं. नंबर मात्र खरं बोलला.

पुढच्या पाच वर्षांत मार्टिन ल्यूथर किंग गेले, रॉबर्ट केनेडी गेले आणि १९६८ साली अमेरिकेने बंदूक नियंत्रण कायदा केला. त्याआधीच्या १९३८ च्या कायद्यात बंदुकीचा कोणताही भाग म्हणजे बंदूकच, अशी व्याख्या होती. ऐकायला चोख. पण मग प्रत्येक स्प्रिंग, प्रत्येक स्क्रू हीसुद्धा बंदूक ठरते आणि त्या प्रत्येकाची नोंद ठेवणं कुणालाच शक्य नसतं. म्हणून १९६८ च्या कायद्याने एकच तुकडा निवडला. फ्रेम किंवा रिसीव्हर. तो म्हणजे बंदूक. नंबर त्यावर, नोंद त्याची, विक्रेत्याला परवाना त्याच्यासाठी. बाकीची नळी, दस्ता, चाप हे सगळं त्या देशाच्या कायद्याच्या दृष्टीने साधं सामान. राजा मिलिंदाला जे जमलं नाही ते अमेरिकेच्या संसदेने एका ओळीत केलं. आस म्हणजेच रथ, असं तिने ठरवून टाकलं.

आता या तुकड्याची एक गोष्ट सांगतो. तिचा एक धागा पुण्यापर्यंत येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियममध्ये लिएजजवळच्या हर्स्टाल गावी एफएन कंपनीचे अभियंते द्युदोने सेव्ह यांनी एक रायफल तयार केली. तिचं नाव एफएएल. जगातल्या नव्वदहून अधिक देशांनी ती वापरली. बेल्जियमचे नकाशे अर्थातच मिलिमीटरमधले होते. कॅनडाने १९५५ साली ती स्वीकारली तेव्हा ते नकाशे इंचांत उतरवण्यात आले, आणि तीच वाट ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने धरली. म्हणजे एकाच रायफलीची दोन घराणी झाली, मेट्रिक आणि इंच. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीचा भाग दुसरीला बसेलच याची खात्री नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धात तर अर्जेंटिनाकडे मेट्रिक बहीण होती आणि ब्रिटनकडे इंच बहीण. दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच घराण्याच्या रायफलीने एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

भारताची गोष्ट वेगळी. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊन उभे होते. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा. नवी रायफल हवी हे उघड होतं. पुण्यात एआरडीई या नावाने ओळखली जाणारी शस्त्रास्त्र संशोधन संस्था आहे. तिथल्या लोकांनी परदेशी नमुने अभ्यासून भारतीय रायफल बेतली आणि १९६० च्या दशकात बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. आपण तिला एसएलआर म्हणतो. ती ना धड मेट्रिक होती, ना धड इंच. दोन्ही घराण्यांचं काही ना काही तिने उचललं होतं. दस्त्याच्या टोकाची पट्टी तर थेट जुन्या थ्री नॉट थ्रीची होती, तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी ठेवण्याच्या कप्प्यासकट. जुन्या घराचा दरवाजा नव्या घराला लावावा, तसं. १९७१ च्या युद्धात हीच रायफल आपल्या जवानांच्या हाती होती.

कॉलेजात एनसीसीमध्ये मी ती पहिल्यांदा हातात धरली. वजन एवढं की खांदा आठवडाभर बोलत होता. आम्हाला शिकवायला लष्करातले हवालदार येत, त्यांना ‘उस्ताद’ म्हणायची पद्धत होती. आमच्या घरात कवितेच्या गुरूला उस्ताद म्हणतात, त्यामुळे मला ते ऐकून गंमत वाटे. उस्ताद रायफल देताना दोन आकडे पाठ करायला लावत. एक दस्त्यावर रंगवलेला बट नंबर, दुसरा बॉडीवर ठोकलेला नंबर. बट नंबर युनिटपुरता. रंग खरवडून पुन्हा लिहिता येई. बॉडीवरचा नंबर मात्र रायफलीच्या जन्माचा. संध्याकाळी रायफली परत घेताना उस्ताद आधी तो नंबर ओरडून विचारत, मग रायफल हातात घेत. एकदा एका मुलाने विचारलं, “उस्ताद, रायफल तर समोर दिसतेय, नंबर कशाला?” उस्ताद म्हणाले, “दिखती तो सब एक जैसी हैं, बेटा.”

सगळ्या एकसारख्याच दिसतात. सुट्या भागांच्या दोनशे वर्षांच्या इतिहासाचं सार मला त्या वाक्यात दिसतं.

१९८५ पासून ब्रिटनने एसएलआर बदलायला घेतली. शीतयुद्ध संपलं तेव्हा अनेक देशांच्या कोठारांत जुन्या एफएएल पडून होत्या. लष्करी रायफल म्हणून त्या अमेरिकेतल्या सामान्य ग्राहकाला विकणं शक्य नव्हतं. मग व्यापाऱ्यांनी कायदा वाचला. कायद्याने बंदूक म्हणजे रिसीव्हर. मग रिसीव्हर गॅसच्या ज्योतीने कापून टाका. राहिलं ते सामान. नळी, दस्ता, चाप, स्प्रिंगा एका पिशवीत भरा आणि विका. यालाच पार्ट्स किट म्हणतात. पिशवीत सगळं असे. नव्हती ती फक्त बंदूक.

ही पिशवी विकत घेणाऱ्या हौशी माणसापुढे मग एकच मोठा निर्णय उरे. रिसीव्हर कोणता घ्यायचा? पिशवीतले भाग ब्रिटिश असतील तर त्यांना इंच घराण्याचा रिसीव्हर जुळतो. बेल्जियन किंवा ब्राझीलचे असतील तर मेट्रिक. पोलाद घणाखाली घडवलेलं की साच्यात ओतलेलं, यावर त्याचं आयुष्य ठरणार, कारण गोळी सुटते तेव्हा हादरा हाच तुकडा सोसतो. खुद्द बेल्जियमच्या कंपनीने रिसीव्हरचा घाट वेळोवेळी बदलला होता : पहिल्या प्रकारात वजन कमी करण्यासाठी कोरलेल्या खाचा, दुसऱ्यात मजबुतीसाठी त्या गाळलेल्या, तिसरा करायला सोपा. शिवाय मूळ लष्करी रायफल चाप दाबून धरला की सलग गोळ्या झाडणारी. घरगुती ग्राहकाला तसा रिसीव्हर कायद्याने वर्ज्य. तेव्हा जो रिसीव्हर दुकानातून परवानाधारक विक्रेत्यामार्फत येई, त्यावर कारखान्याचं नाव आणि नंबर असे आणि घेणाऱ्याचं नाव वहीत चढे. बाकीची पिशवी टपालाने घरपोच येई, किराण्यासारखी.

सरकारही गप्प बसलं नव्हतं. १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन इथे एका शाळेच्या आवारात मुलांवर गोळीबार झाला. त्यानंतर लष्करी धाटणीच्या रायफलींची आयात थांबवण्यात आली. मग १९९० साली कायदा आला की आयात केलेल्या भागांतून तशीच रायफल देशात जोडायचीही नाही. त्याच्या नियमांत वीस भागांची यादी आहे, आणि त्यातले दहापेक्षा जास्त परदेशी असता कामा नयेत. म्हणजे हौशी माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसे आणि मोजे : ही पट्टी बेल्जियमची, हा दांडा अमेरिकेचा. २००५ पासून अशा संचांतून नळी आयात करायलाही बंदी आली. १९३८ च्या कायद्याने सगळ्याच भागांना बंदूक म्हटलं होतं. १९६८ ने एकालाच म्हटलं. आणि १९९० नंतर हळूहळू बाकीचे भागही पुन्हा मोजले जाऊ लागले.

खरी अडचण पुढे आली. सगळी मदार एका तुकड्यावर ठेवली, की फट शोधणारा त्या तुकड्याकडेच बघतो. रिसीव्हर म्हणजे बंदूक असेल, तर अर्धवट घडवलेला रिसीव्हर म्हणजे काय? तो अजून रिसीव्हर झालेला नाही, म्हणजे बंदूक नाही, म्हणजे नंबर नको, नोंद नको, खरेदीदाराची चौकशी नको. असे अर्धवट तुकडे बाकीच्या सामानासह एका खोक्यात घालून विकले जाऊ लागले. घरी उरलेलं काम केलं की बंदूक तयार. तिच्यावर ना कारखान्याचं नाव, ना आकडा. अमेरिकेत तिला ‘घोस्ट गन’ म्हणतात, भुताटकीची बंदूक. २०१७ साली तिथल्या पोलिसांनी अशा सुमारे १६०० बंदुका तपासासाठी केंद्राकडे पाठवल्या होत्या. २०२१ साली ही संख्या १९ हजारांवर गेली. सी २७६६ सारखा धागाच त्यांच्यात नव्हता.

त्यात व्याख्येचाही घोळ होता. जुन्या नियमात रिसीव्हरचं जे वर्णन होतं ते जुन्या धाटणीच्या बंदुकीवरून केलेलं होतं. एफएएलमध्ये वरच्या भागाला रिसीव्हर मानतात, तर अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणाऱ्या एआर-१५ मध्ये खालच्या भागाला. पण नियमात सांगितलेली सगळी लक्षणं एआर-१५ च्या एका भागात नाहीत. अर्धी वर आहेत, अर्धी खाली. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात न्यायाधीशांनी हेच बोलून दाखवलं की खालचा भाग नियमाच्या शब्दांत बसत नाही. म्हणजे देशात लाखोंनी असलेल्या रायफलीचा देह कोणता, हे शब्दांनुसार सांगताच येईना.

२०२२ साली सरकारने नवा नियम केला. सहज पुरे करता येतील असे संच आणि अर्धवट तुकडे हेही कायद्याखाली येतील. त्यावर खटला झाला, सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २६ मार्च २०२५ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी नियम टिकला. निदान काही संच तरी कायद्याच्या व्याख्येत बसतात, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल न्यायमूर्ती नील गोर्सुच यांनी लिहिला आणि त्यात त्यांनी आमच्या धंद्यातला दाखला दिला आहे. लेखिका आपल्या नव्या कादंबरीवर मित्राचं मत विचारते, तेव्हा हस्तलिखित अपुरं असलं तरी ती त्याला कादंबरीच म्हणते. दुकानातून खोक्यात आणलेल्या टेबलाला आपण टेबल म्हणतो, जोडायला अजून काही तास लागणार असले तरी. माणसाने घडवलेल्या वस्तूंची नावं अशी पूर्ण होण्याआधीच त्यांना चिकटतात. नागसेनांना हा निकाल वाचायला आवडला असता.

आपल्याकडे काय आहे? आपल्या शस्त्र कायद्याचा इतिहास १८७८ पासून सांगावा लागतो. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत त्या एका वर्षात दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर लगाम घातला, दुसऱ्याने भारतीयाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला मनाई केली. युरोपियनांना मात्र सूट. शब्द आणि शस्त्र दोन्ही एकाच वर्षी बांधले गेले. वर्तमानपत्रांचा कायदा थोड्याच वर्षांत गेला. शस्त्रांचा स्वातंत्र्यानंतरही काही काळ राहिला आणि त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याची व्याख्या अमेरिकेपेक्षा रुंद आहे. शस्त्र म्हणजे शस्त्र, त्याचे भाग आणि शस्त्र तयार करायची यंत्रंसुद्धा. एकच तुकडा निवडायच्या फंदात आपला कायदा पडला नाही. परवान्याशिवाय घरी बंदूक जोडणं हा आपल्याकडे छंद होऊ शकत नाही, गुन्हाच होतो. बंदुकीवर घडवणाऱ्याचं नाव आणि ओळखीचा नंबर असलाच पाहिजे, आणि तो खोडणं किंवा बदलणं हाही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा उत्पादनाची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली.

पण कायद्याची व्याख्या रुंद असली म्हणून काम संपत नाही. वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा तरी ‘गावठी कट्ट्यासह एकास अटक’ अशी बातमी असते. गावठी कट्टा म्हणजे आपल्याकडची भुताटकीची बंदूक. तिला खोकं लागत नाही, संच लागत नाही. ती सुट्या भागांच्या आधीच्या जगातली आहे, कुणीतरी कानशीने घासून जुळवलेली. आणि तिच्यावर आकडा नाही. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेल गावातले कारागीर तर पिढ्यान्‌पिढ्या साध्या हत्यारांनी परदेशी बंदुकांच्या नकला करत आले. ते बंदुकीवरची अक्षरंही नकलतात. त्यामुळे त्या खैबरी नकलांवर उलटी पडलेली इंग्रजी अक्षरं दिसतात आणि राणी व्हिक्टोरिया वारल्यानंतरच्या सालावर तिचाच मुकुट दिसतो. कारागीर हुशार, लोखंड खरं, फक्त नाव दुसऱ्याचं.

इथे मला आमच्या कवितेतली एक जुनी रीत आठवते. गझलेत प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. मधला एक काढा, जागा बदला, गझल चालते. आमचा हा सुट्या भागांचा कारखाना ब्लाँच्या कितीतरी आधीचा आहे. पण शेवटच्या शेरात, मक्त्यात, कवी आपलं तखल्लुस घालतो. मराठीत संतकवींनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घातली. देहूचे तुकोबा असोत की श्रीगोंद्याचे शेख महंमद असोत, शेवटच्या चरणात नाव येतं आणि कळतं की हे कुणी म्हटलं. त्यात मिरवणं नाही. जे बोललो त्याला मी उत्तरदायी आहे, एवढंच त्यात आहे. कवितेचं नाव पुसलं गेलं तरी फारसं बिघडत नाही. आपल्या ओव्या बिननावाच्याच आहेत आणि जात्यावर त्यांनी कुणाला इजा केली नाही. बंदुकीचं तसं नाही. तिच्यामागे माणूस उभा असतो आणि तिच्यापुढेही माणूस उभा असतो. पुढचा पडला, तर मागचा कोण होता हे विचारायला त्याच्या आईला जागा हवी.

म्हणून रिसीव्हर कोणता, हा प्रश्न मला नुसता पोलादाचा वाटत नाही. घडाई कशी, माप इंचाचं की मिलिमीटरचं, हे हौशी माणसाने ठरवावं. समाजाने ठरवायचं ते एवढंच, की या जुळणीत नाव कुठे ठोकायचं. एका तुकड्यावर ठोकलं तर लोक तो तुकडा अर्धवट ठेवतात. सगळ्यांवर ठोकायचं म्हटलं तर वह्या पुरत नाहीत. अमेरिका नव्वद वर्षांत या टोकापासून त्या टोकाकडे गेली आणि आता मधली वाट शोधते आहे. आपण रुंद व्याख्या करून बसलो आहोत आणि कट्टे पकडतो आहोत. नेमकं उत्तर कुणालाच सापडलेलं नाही. पण प्रत्येक नव्या कायद्यामागे खटपट तीच आहे : सगळ्या एकसारख्या दिसणाऱ्या लोखंडात एक तरी जागा अशी असावी, जिथे बोट ठेवून विचारता येईल, ही कुणाची?